मुलांची एंडोस्कोपी: आईची भीती आणि लेकीची भीती

मुलाची एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून केलेली पोट-आतड्याची तपासणी, ठरली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का?" दुसरा ओठांवर येत नाही. कागदावर 'बायोप्सी' (तपासायला छोटा तुकडा काढणं) लिहिलेलं असतं आणि घरोघरी त्याचा अर्थ एकच घेतला जातो.

सात वर्षांच्या मुलीची आई हेच मनात घेऊन माझ्याकडे आली. मुलीचं वजन वाढेना, पोट फुगलेलं, रक्तातली टीटीजी (सिलिअ‍ॅक आजारात वाढणारी प्रतिपिंडं) वाढलेली. डॉक्टरांना शंका सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या इजेची.

"कॅन्सर नाही ना?"

"ती शंकाच नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून मोहरीएवढे पाच-सहा तुकडे घेतात. आतली बारीक लव झडली आहे का, ते बघायला. चिमटा लागल्याचं तिथे दुखत नाही."

"आम्ही पोळी आठवड्यापासून बंदच केलीय. भाकरी देतो."

ही घाई नेहमीची. गहू थांबला की लव भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. डॉक्टरांशी बोलून पोळी पुन्हा सुरू करायला सांगितलं.

"तिला मात्र मामाकडे चाललोय असंच सांगू."

इथे माझं मत पक्कं आहे: फसवलेलं मूल पुढच्या प्रत्येक सुईला किंचाळतं. म्हणून मुलीलाच विचारलं, तुला कसली भीती वाटते?

"मी मध्येच जागी झाले तर?"

आई गप्पच झाली. ती घाबरत होती लेक उठली नाही तर म्हणून. लेक नेमकी उलट! आणि उत्तर दोघींना एकच होतं. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ उशाशी असतात; नाडी, ऑक्सिजन बघत औषध कमी-जास्त करतात, काम झालं की थांबवतात. तपासणी साधारण पंधरा मिनिटांची. हाताला सुई टोचते, हेही तिला सांगितलं. तासभर आधी बधिर करणारं मलम लावता येतं.

घरच्यांनी सांभाळायचं ते उपाशीपण. जेवण किमान सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. रुग्णालयाने जास्त वेळ सांगितला तर तोच पाळायचा. आजीने कळवळून बिस्किट दिलं तर लपवू नका: भुलेत अन्न उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, त्यापेक्षा तारीख पुढे गेलेली बरी. या वयात दात हलत असतो, तोही भूलतज्ज्ञांना दाखवा.

नंतर घसा खवखवतो, ढेकरा येतात. ताप, रक्ताची उलटी, छातीत किंवा पोटात वाढतं दुखणं असेल तर लगेच रुग्णालय गाठायचं. आणि अहवाल बघून डॉक्टर सांगेपर्यंत डब्यातली पोळी चालूच ठेवायची.