एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या (म्हणजे नव्याने वस्ती होत असलेल्या मुलखातल्या) वकील-पुढाऱ्यांचं आयुष्य कसं असायचं?

सगळ्यांचं एकत्र सांगणं अवघड आहे, म्हणून एकाचंच सांगतो: सॅम ह्यूस्टन. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराला ज्याचं नाव दिलंय, तोच.

तिथे वकील व्हायला कॉलेज लागत नसे. एखाद्या मुरलेल्या वकिलाच्या कचेरीत बसून त्याची पुस्तकं वाचायची, परीक्षा द्यायची आणि सनद घ्यायची. ह्यूस्टनने १८१८ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला हे सगळं सहाएक महिन्यांत उरकलं. पोरवयात घर सोडून चेरोकी या आदिवासी लोकांत राहिलेला आणि १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत बाण आणि गोळ्या अंगावर घेतलेला हा माणूस. माझ्या मते अशिलांपेक्षा त्या जखमा आणि अँड्र्यू जॅक्सनची (त्या लढाईतला सेनापती, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष) मर्जी त्याच्या जास्त कामी आली. आधी सरकारी वकील, १८२३ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, १८२७ मध्ये टेनेसीचा गव्हर्नर. १८२९ मध्ये लग्न केलं, ते काही आठवड्यांतच मोडलं (का, ते त्याने जगाला कधीच सांगितलं नाही) आणि पद सोडून स्वारी पुन्हा चेरोकींकडे.

१८३२ चा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. विल्यम स्टॅनबेरी नावाच्या काँग्रेस सदस्याने सभागृहात आदिवासींच्या शिध्याच्या कंत्राटावरून त्याच्यावर आरोप केला. ह्यूस्टनने त्याला वॉशिंग्टनच्या रस्त्यात गाठून काठीने बडवलं. स्टॅनबेरीने पिस्तूल रोखलं, पण ते उडालंच नाही. सभागृहापुढे महिनाभर सुनावणी झाली, ह्यूस्टनने स्वतःच्या बचावाचं भाषण ठोकलं आणि नुसत्या समजेवर सुटला. पुढे कोर्टाने ५०० डॉलर दंड केला तो वेगळा. विस्मरणात चाललेलं नाव पुन्हा देशभर झालं.

मग टेक्सास, जे तेव्हा मेक्सिकोपासून फुटून निघत होतं. २१ एप्रिल १८३६ ला सान हासिंटोच्या लढाईत अठराएक मिनिटांत मेक्सिकन फौजेचा पराभव, दोनदा टेक्सास प्रजासत्ताकाचं अध्यक्षपद, आणि टेक्सास अमेरिकेत सामील झाल्यावर सिनेट, म्हणजे काँग्रेसचं वरचं सभागृह.

पण त्याच्यातला खरा वकील मला दिसतो तो १८६१ मध्ये. तेव्हा तो टेक्सासचा गव्हर्नर होता. राज्य अमेरिकेतून फुटलं आणि दक्षिणेकडच्या गुलामगिरीवाल्या राज्यांच्या नव्या संघाशी निष्ठेची शपथ घ्या, असं फर्मान आलं. त्याचा मुद्दा कायद्याचा होता: लोकांनी कौल दिला तो अमेरिका सोडायला, दुसऱ्या संघात जायला नाही. शपथ घेतली नाही, पद गेलं. त्याला गुलामगिरीविरोधी वीर मात्र समजू नका. त्याच्या घरी गुलाम होतेच. त्याला देश फुटायला नको होता, एवढंच. अध्यक्ष लिंकनने सैन्य देऊ केलं, तेही त्याने नाकारलं, कारण टेक्सासमध्ये आपसांत रक्त सांडलं असतं.

१८६३ मध्ये हंट्सव्हिलला तो वारला. तोवर त्याचाच थोरला मुलगा दक्षिणेच्या फौजेत लढून शायलोच्या लढाईत जखमी झाला होता आणि उत्तरेच्या कैदेतही राहून आला होता.