मॅस्टोडॉनसारख्या छोट्या ठिकाणी खरंच माणसं भेटतात का?

फेसबुकवर बाराशे मित्र आहेत आणि बोलायला कुणी नाही, असं तुम्ही लिहिलंय. मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्या त्या छोट्या समाजमाध्यमावर तरी माणसं भेटतील का, हा तुमचा प्रश्न. हो, भेटतात. मला भेटली.

पहिले दोन महिने मात्र मी नुसतीच लिहीत होते आणि कुणाचं काही येत नव्हतं. मग एकदा बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत अळी दिसली. फोटो टाकला, विचारलं, ही कोण? तासाभरात केरळमधल्या एका बाईंचं उत्तर: कॉमन मॉर्मन किंवा लाइम बटरफ्लाय, थोडी मोठी होऊ दे, मग नक्की सांगते. पाठोपाठ मराठीतून एकांनी विचारलं, "मला दिसत नाही. फोटोचं वर्णन लिहाल का?" तिथे फोटोला वर्णन जोडता येतं, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो, आणि बरीच मंडळी ते आवर्जून लिहितात. मला ठाऊकच नव्हतं. पुन्हा कुंडीपाशी गेले, नीट बघितलं आणि लिहिलं: "नखाएवढी. काळपट तपकिरी, मधे पांढरट डाग, ओली असल्यासारखी चकाकते." ते म्हणाले, "म्हणजे पाखराच्या शिटेसारखी?" अगदी तशीच! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून या अळ्या लहान असताना तशाच दिसतात. पुढे ती हिरवी झाली, कोषात गेली, आणि रोज सकाळी तिची चौकशी करणारी चार माणसं होती. त्यातल्या दोघांशी आजही बोलणं होतं.

हे तिथेच का जमतं? पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात, कुणाला काय दाखवायचं हे यंत्र ठरवत नाही. तुमच्या 'लाइक'ने पोस्ट तुमच्या फॉलोअरांपर्यंत जात नाही, ती आवडल्याचं लिहिणाऱ्याला कळतं, इतकंच. पुढे न्यायची तर बूस्ट करावी, म्हणजे आपल्या फॉलोअरांना पुन्हा दाखवावी लागते. म्हणून उत्तर लिहिण्याला तिथे फार किंमत आहे. मी रोज स्वतःची एक पोस्ट लिहिते आणि दुसऱ्यांना पाच उत्तरं देते.

ऑक्टोबर २०१९मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं, त्याचा निषेध म्हणून नोव्हेंबरमध्ये भारतातून खूपजण मॅस्टोडॉनवर आले आणि बरेच लवकरच परतले. माझ्या मते ते श्रोते शोधत होते, आणि श्रोत्यांची गर्दी तिथे नव्हतीच.

एक अडचण आधीच सांगते. मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांना जोडलेले अनेक स्वतंत्र सर्व्हर, आणि त्यातले बरेच हौशी माणसं देणग्यांवर चालवतात. सर्व्हर बंद व्हायच्या आत खातं दुसरीकडे हलवलं तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत. मराठी माणसंही तिथे थोडीच आहेत, त्यामुळे आवडीच्या विषयाचे हॅशटॅग फॉलो करा, मी फुलपाखरांचे करते.

खातं काढलंत की पहिली पोस्ट स्वतःच्या ओळखीची लिहा, इंट्रोडक्शन हा हॅशटॅग लावून. काय करता, कशात रमता, कुंडीत काय लावलंय, सगळं लिहा.