विजेत्याची सायकल आणि तुमचा आपत्कालीन निधी

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या पत्रातले आकडे आधी मांडतो. उत्पन्नातले २० टक्के तुम्ही दर महिन्याला न चुकता बाजूला टाकता. आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या उत्पन्नाइतका आहे, डोक्यावर कर्ज नाही. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत वर्षानुवर्षं पाहता आणि आता विजेत्याच्या हातात दिसलेलं सायकलीचं तेच मॉडेल घ्यायचं मनात आहे. किंमत तुमच्या सहा महिन्यांच्या उत्पन्नाएवढी. अर्धी रक्कम आपत्कालीन निधीतून काढायची, उरलेली २४ हप्त्यांत फेडायची, असा बेत. सध्याची सायकल ॲल्युमिनियमची, नऊ किलोची आणि धडधाकट. पुढच्या मोसमात एका लांब चढाच्या स्पर्धेत उतरायचं आहे. तुम्ही विचारता: घेऊ का? वेग वाढेल का? आणि पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं उपकरण), प्रशिक्षक यांवरचा खर्च वाया तर जाणार नाही?

या पद्धतीनं घेऊ नका. हौस खरी आहे, तिला जागा द्यायलाच हवी, पण निधी मोडून नाही.

तुमचं मासिक उत्पन्न १०० धरू. सायकल ६००. निधीतून ३०० गेले की तिथे फक्त १०० उरतात. बाकी ३०० चा हप्ता व्याज न धरताही महिन्याला साडेबारा. म्हणजे २० च्या बचतीतले साडेसात शिल्लक. त्यात देखभाल आलीच. अशा सायकलीसाठी मी वर्षाला किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवायला सांगतो, म्हणजे महिन्याला पाच. उरले अडीच. हप्ते फिटल्यावर हात जरा मोकळा होईल, तरी निधी पूर्ववत व्हायला एकूण ४० महिने लागतील. आणि या काळात दुसरी कुठलीही गुंतवणूक करायची नाही, हे गृहीत धरून. व्याज धरलं तर आणखी वेळ.

दहा टक्के जास्त वाटतील. पण १२ गिअरची साखळी बारीक असते. ती झिजली आणि वेळेवर बदलली नाही, तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, खाते आणि छोट्या खर्चाच्या जागी मोठा येतो. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट (छिद्रं बुजवणारा द्रव) काही महिन्यांत सुकतं, ब्रेक पॅड संपतात. सगळ्यात महाग पडतो तो एकसंध हँडलबार. वरच्या मॉडेलमध्ये हँडलबार आणि त्याला फ्रेमशी जोडणारा स्टेम बहुतेकदा एकाच तुकड्यात येतात आणि ब्रेकच्या नळ्या त्यांच्या आतून जातात. उंची किंवा लांबी एक सेंटिमीटरनं बदलायची झाली तरी अख्खा तुकडा नवा घ्यावा लागू शकतो, वर नळ्या पुन्हा ओवायची मजुरी. व्यावसायिक सायकलपटूला याची झळ लागत नाही. सायकल प्रायोजक देतो, जोडीला राखीव सायकली असतात आणि रोज संध्याकाळी संघाचा मेकॅनिक ती धुऊन, तपासून ठेवतो. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक महासंघाच्या नियमामुळे शर्यतीतलं साहित्य सामान्य ग्राहकालाही विकत मिळावं लागतं, म्हणून ती सायकल तुम्हाला दुकानात दिसते. मेकॅनिक मात्र सोबत मिळत नाही.

आता वेगाचा प्रश्न. शर्यतीतल्या सायकलीला ६.८ किलोची किमान वजनमर्यादा २००० सालापासून आहे. म्हणजे तुमच्या सायकलीपेक्षा ती साधारण दोन किलोंनी हलकी. तुम्ही स्वतःचं वजन ७२ किलो लिहिलं आहे. सायकल, पाणी, कपडे धरून एकूण ८४ च्या आसपास. त्यातले दोन किलो म्हणजे जेमतेम अडीच टक्के. तासाभराच्या खड्या चढावर याचा फायदा सव्वा मिनिटाच्या आसपास. सपाटीवर तर वजनाला फारशी किंमतच नाही, तिथे लढाई हवेशी, आणि हवेचा बहुतेक विरोध सायकलीला नव्हे, तुमच्या शरीराला होतो.

१९८९ ची टूर आठवा. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची वैयक्तिक वेळ-शर्यत होती, म्हणजे प्रत्येकानं एकट्यानं घड्याळाशी धावायचं. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता आणि लॉराँ फिन्योंला आठ सेकंदांनी हरवून टूर जिंकला. लेमाँडनं हँडलबारला पुढे निघणाऱ्या दांड्या लावल्या होत्या, त्यांवर कोपर टेकवून तो हवेत अरुंद होऊन बसला. फिन्यों हेल्मेटविना, साध्या हँडलबारवर. सगळं श्रेय त्या दांड्यांचं नाही, पाय लेमाँडचे होते, पण बसण्याच्या ढबीला किती मोल आहे ते त्या दिवशी सगळ्या जगानं पाहिलं.

म्हणून पहिला खर्च बाईक फिटचा करा. चांगल्या जाणकाराकडून सीट, हँडलबार, क्लीट (बुटाला पेडलमध्ये अडकवणारा तुकडा) तुमच्या अंगाला बसवून घ्या. दुसरा खर्च चांगल्या टायरचा. कमी घर्षणाच्या जोडीनं वाचणारे वॅट प्रत्येक किलोमीटरला मिळतात, आणि फ्रेममध्ये मावत असतील तर २८ मिलिमीटर रुंदीचे घ्या. हे दोन्ही तुमच्या मासिक बचतीत बसेल.

पॉवर मीटरला माझा मनापासून होकार आहे. एका बाजूच्या क्रँकवरचा (पेडलच्या दांड्यावरचा) पुरेसा आहे. आज तुम्ही तासभर २०० वॅट टिकवत असाल आणि नीट आखलेल्या सरावानं ते २२० झाले, तर त्याच चढावर पाचेक मिनिटं वाचतात. आजवर शिस्तीत सराव न केलेल्या हौशी माणसाला पहिल्या वर्षात एवढी वाढ आवाक्याबाहेरची नसते. प्रशिक्षक आधी तीन-चार महिन्यांसाठीच ठेवा. त्यानं नुसता तक्ता पाठवला आणि तुमची आकडेवारी उघडूनही पाहिली नाही, तर थांबवा.

निधीबद्दल मी एवढा आग्रही का, तेही सांगतो. पडल्यावर माणूस हात पुढे टेकतो आणि कॉलरबोन मोडतं, सायकलपटूंची ही नेहमीची दुखापत. विजेत्यांनाही ती चुकलेली नाही. काही आठवडे काम बंद, उपचारांचा खर्च, आणि त्याच पडण्यात कार्बन फ्रेमला तडा, जो कधीकधी वरून दिसतही नाही. फ्रेमच्या वॉरंटीत अपघात सहसा धरत नाहीत. तुमच्या बेतानुसार त्या दिवशी गाठीशी एका महिन्याचं उत्पन्न असेल आणि हप्ता चालूच राहील.

हौसेसाठी वेगळं खातं उघडा. २० पैकी आठ त्यात टाका, बारा नेहमीच्या गुंतवणुकीत जाऊ द्या. दोन वर्षांत १९२ जमतील, म्हणजे त्या सायकलीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढ्यात मधल्या श्रेणीची उत्तम कार्बन सायकल बघता येते. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीनं २०२२ पासून आपल्या १०५ नावाच्या मधल्या श्रेणीतही १२ गिअरची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली आहे. तिच्याच सगळ्यात वरच्या ड्युरा-एस श्रेणीशी तुलना केली तर फरक मुख्यतः वजनाचा, गिअर बदलण्यात तो तुम्हाला फारसा जाणवणार नाही. दोन वर्षांनंतरही मन त्याच मॉडेलवर असेल, तर खातं तसंच वाढू द्या आणि रोखीनं घ्या. मी आनंदानं हो म्हणेन. वापरलेली घ्यायची झाली तर फ्रेमचा क्रमांक आणि मूळ बिल पाहा, मेकॅनिककडून तडे तपासून घ्या. वॉरंटी बहुधा पहिल्याच मालकापुरती असते, भाव करताना ते वजा धरा.

सवलत महिनाअखेरीस संपते, असं दुकानदारानं सांगितल्याचं तुम्ही लिहिलं आहे. संपू द्या. नवी मॉडेलं आली की जुन्यांचे भाव उतरतात, आणि युरोपातला मोसम ऑक्टोबरात इटलीतल्या लोंबार्डीच्या शर्यतीनंतर आटोपत आला की संघांच्या वापरलेल्या सायकलीही विक्रीला निघतात.