आधी दिसलं ते सांग

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सत्यजित रायांचा ‘पथेर पांचाली’ चित्रपट वर्गात लावलास, अर्धा वर्ग पेंगला, उरलेल्यांनी ‘मॅडम, गाणी कधी?’ म्हणून विचारलं. आणि आता मुलांना व्हरायटी मिळावी म्हणून तू माझ्याकडे दहा दिग्दर्शकांची यादी मागतेयस. यादी मिळणार नाही. एक सत्यजित राय पचेना, त्यावर आणखी नऊ वाढायचे? अजीर्ण झालेल्याला कोणी पंगतीत बसवत नाही.

घोटाळा तुझ्या पहिल्या प्रश्नात आहे. दिवे लागल्याबरोबर तू विचारलंस, ‘तुम्हाला काय वाटलं?’ मुलं शहाणी. उत्तरपत्रिकेत लिहितात तेच त्यांनी सांगितलं: गरिबी, निसर्ग, आईची माया. एवढ्यासाठी दोन तास अंधारात कशाला बसायचं? आधी दिसलं ते सांगायचं, वाटलं ते मागाहून. पहिला अर्धा तास ‘सुंदर’, ‘भावस्पर्शी’ आणि ‘प्रतीक’ या तीन शब्दांना वर्गात बंदी घाल.

पावसाआधीचा भाग लाव, फक्त तेवढाच. तळ्याच्या पाण्यावर पाणकिडे पळतायत, वाऱ्यानं पानं उलटतायत, आणि पहिला टपोरा थेंब पडतो तो गळ टाकून बसलेल्या एका माणसाच्या टकलावर. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक पोरानं मिरगाच्या तोंडावरचं तळं पाहिलंय. त्यांना विचार, कॅमेरा पाण्याच्या किती जवळ गेलाय? माणूस किती वेळानं येतो? पाऊस येणार हे कोणी तोंडानं बोललं का? मग आवाज बंद करून तोच भाग पुन्हा लाव, आणि मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकव. एका तासाला तीन मिनिटांचा चित्रपट पुष्कळ झाला. (लाईट गेली तर फळ्यावर चौकटी काढायला लाव. पावसाळ्यात माझे निम्मे तास असेच झाले आणि तेच बरे झाले.)

एवढं ठासून सांगतोय त्याचं कारण मला चांगलंच लागलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी नोट्स उतरवून द्यायचो. थोरली बहीण दुर्गा वारल्यावर धाकट्या अपूला तिनं चोरलेली माळ सापडते आणि तो ती तळ्यात फेकतो, तो प्रसंग चालू होता. फळ्यावर मी ‘मानवतावाद’ लिहून ठेवलेलं. मागून एक पोरगा म्हणाला, ‘सर, ता शेवाळ परत मिटला.’ वर्ग हसला. मी म्हटलं, खाली बस, आधी हे उतरवून घे.

माळ पडते, शेवाळ फाटतं, काळं पाणी दिसतं आणि हळूहळू शेवाळ पुन्हा जुळून येतं. बहिणीची चोरी भावानं झाकली ती कशी, ते त्या पोरानं एका वाक्यात सांगितलं होतं. मला ते कळायला पुढची चार वर्षं लागली. तो आता बोटीवर जातो. जेट्टीवर भेटला की ‘सर, बरे आसात मां?’ म्हणून विचारतो, आणि मी बाजारभाव विचारून सटकतो.

म्हणून म्हणतो, दिसलं ते आधी. आणि ऐकू आलं तेही दिसण्यातच धर. अपूचे वडील हरिहर परत येतात, दुर्गासाठी आणलेली साडी काढतात, आणि आई सर्वजया कोसळते. ती रडतेय, पण तिचा आवाज नाही, तारशहनाईचा (गजानं वाजवायचं तारवाद्य) आहे. आमच्याकडे एक मुलगी म्हणाली, ‘आई रडते पण पिपाणी वाजते.’ हसू नकोस. तिनं नेमकं पकडलं होतं. ‘करुण रस’ म्हणाली असती तर मी तिला शून्य दिलं असतं.

आता एकच दिग्दर्शक का? लोक म्हणायचे, सरांना दुसरं येत नाही. खरं सांगू? माझ्याकडे डीव्हीडीच चार होत्या: अपूच्या गोष्टीचे तीन चित्रपट आणि रायांचाच ‘चारुलता’. तत्त्व वगैरे मागाहून सुचलं. पण सुचलं ते खोटं नव्हे. पहिल्या चित्रपटात (1955) भावंडं कासाच्या (पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवताच्या) रानातून आगगाडी बघायला धावतात. दुसऱ्यात (1956) तीच गाडी मुलाला आईपासून लांब नेते. तिसऱ्यात (1959) अपूचं बिऱ्हाडच रुळांच्या कडेला आहे. तीनदा गाडी, तीन वेगळ्या जागी ठेवलेला कॅमेरा. आपल्याकडे ज्या घरातला थोरला गाडीनं मुंबईला गेलाय, त्या घरातल्या पोराला हे दाखवून बघ. दहा दिग्दर्शकांची दहा दृश्यं दाखवलीस तर हा धागा कुठून आणणार?

मुंबईचा कोणी बोलावेल, महोत्सवाचं म्हणेल. जा, बघून ये. मलाही बोलावलं होतं, मी गेलो नाही. घरची कलमं होती, वडील होते. वर्गात तेव्हा अकरा पोरं होती, त्यांना सोडून जायचं म्हणजे… असो. नसतो गेलोच, इतकंच.

धीर मात्र धर. त्या कासाच्या रानात रायांनी एक दिवस चित्रण केलं आणि काही दिवसांनी परत गेले, तर गुरांनी सगळं कास फस्त केलेलं. पुढचा हंगाम येईपर्यंत माणूस थांबला. तू तीन आठवड्यांत हात टेकतेस!

आणि एक. मागच्या बाकावरची मुलगी झोपली होती आणि एकदम दचकून उठली, असं लिहिलंयस. पुढे लगेच ‘मला फार वाईट वाटलं’. तुझं वाईट वाटणं ठेव बाजूला. ती उठली तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं? कुठल्या आवाजाला उठली? तिला विचार आणि मला कळव.