अशोकस्तंभात सिंह तीन की चार? आणि तिरंग्यातले रंग म्हणजे धर्म का?

चार. पाठीला पाठ लावून बसलेत, मागचा कागदावर दिसत नाही एवढंच. सारनाथच्या मूळ दगडात खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आहेत, राजमुद्रेत त्यातला डावीकडे घोडा आणि उजवीकडे बैल दिसतो, मधे चक्र. खालचं उलटं कमळ आपण घेतलंच नाही.

पण खाली 'सत्यमेव जयते' असतं त्याचं कुणीच विचारत नाही! माझी छपाईची प्रेस आहे. मामा सरकारी खात्यातून रिटायर झाले आणि म्हणाले व्हिजिटिंग कार्ड कर, वर सोनेरी अशोकस्तंभ टाक. मी म्हटलं मामा नाही चालत, 2005 चा कायदा आहे, 2007 च्या नियमांत तर माजी मंत्री, माजी आमदार, रिटायर्ड अधिकारी सगळ्यांना नाव घेऊन मनाई केलीय, 2 वर्षांपर्यंत कैद नाहीतर 5000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. तर म्हणाले, 34 वर्षं या सिंहांखाली सह्या केल्यात, तू मला कायदा शिकवणार? दुसरीकडून छापून आणलं आणि बहिणीच्या साखरपुड्यात वाटायला लागले. बघतो तर खालचं सत्यमेव जयते गायब, जागा पुरत नव्हती म्हणे. अहो ते मुंडक उपनिषदातलं वचन आहे, मुद्रेचाच भाग आहे, ते काढलं की राजमुद्रा अर्धवट. मी तिथेच सगळ्यांसमोर बोललो. तेव्हापासून मामा दुकानात आलेले नाहीत. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं हे मात्र खरं.

रंगांचं म्हणाल तर केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा हे डोक्यातून काढा. 22 जुलै 1947 ला घटना समितीने झेंडा स्वीकारला तेव्हा राधाकृष्णन यांनी केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे प्रकाश, सत्याचा मार्ग, हिरवा म्हणजे मातीशी नातं असा अर्थ सांगितला. 24 आऱ्यांचं चक्र अशोकाचंच, धर्मचक्र. हां, 1921 च्या गांधीजींच्या झेंड्यात रंग समाजांवरूनच होते, तो समज तिथून आलाय, पण 1931 मधे काँग्रेसनेच ठराव करून तो अर्थ काढून टाकला.

तुमच्या घरात कुणी रिटायर्ड असेल आणि कार्डावर सिंह असतील तर आजच काढायला सांगा, आणि प्रेसवाला नाही म्हणाला तर त्याच्यावर रागवू नका. मामांचं कार्ड मी आजही फुकट छापून देईन, जाड कागदावर, फक्त नाव आणि फोन नंबर.