रोबोकॉपीने (विंडोजची फाइल कॉपी करायची कमांड) फाइल नीट कॉपी होतात तरी शेड्यूल केलेला जॉब फेल का दाखवतो? हेल्पमध्ये तर काहीच नाही

तुमच्या फाइल नीट गेल्यात, काही बिघडलेलं नाही. कमांड संपताना एक आकडा परत देते, बाकी बऱ्याच कमांडमध्ये तो शून्य आला म्हणजे काम झालं आणि दुसरं काही आलं म्हणजे गडबड, पण रोबोकॉपीचं गणितच वेगळं आहे, तिथे ० म्हणजे नवीन कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, १ म्हणजे फाइल कॉपी झाल्या, २ म्हणजे डेस्टिनेशनला जास्तीचं काहीतरी पडलंय, आणि खरी बोंब ८ पासून पुढे. शिवाय हे आकडे बेरीज होऊन येतात, म्हणजे समजा ३ दिसला तर तो १ अधिक २. जॉब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काय कळणार, शून्य नाही दिसलं की केलं फेल!

बॅच फाइलमध्ये रोबोकॉपीच्या लगेच खालच्या ओळीत 'इफ एररलेव्हल ८' लावून एक्झिट १ करा आणि त्याच्याखाली सरळ एक्झिट ०. ही अट ८ किंवा त्याहून जास्त अशी धरली जाते, त्यामुळे १६ पण त्यातच येतो.

आता हेल्पचं. कमांडपुढे स्लॅश प्रश्नचिन्ह केलं की स्विचची (कमांडला द्यायच्या पर्यायांची) ही लांबलचक यादी येते पण परत येणाऱ्या आकड्यांवर अक्षर नाही, तो तक्ता मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर शोधावा लागतो. माझ्या मते हेल्प लिहिणारा स्विच मोजून मोकळा होतो, कमांड दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये बसवणाऱ्याचा विचार कोणी करत नाही. आणि जे लिहिलंय ते तरी कुठे धड सांगतात, त्याच यादीत फेल झालेली फाइल डिफॉल्ट १० लाख वेळा परत ट्राय करणार आणि दर वेळी ३० सेकंद थांबणार असं लिहिलंय, म्हणजे एक फाइल लॉक असेल तर जवळजवळ वर्षभर बसा वाट बघत, पण हे कोणी ठळक करून सांगत नाही. आर (किती वेळा ट्राय करायचं) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे दोन स्विच स्वतः द्याच.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. तिथे ठरल्या वेळी जॉब चालवतो तो क्रॉन, आणि त्याच्या यादीची, म्हणजे क्रॉनटॅबची, मदत बघायला 'मॅन क्रॉनटॅब' केलं की मॅन्युअलच्या पहिल्या सेक्शनचं पान उघडतं, त्यात वेळेचे पाच रकाने कसे भरायचे ते नाहीच, ते 'मॅन ५ क्रॉनटॅब' मध्ये. बॅकअपच्या नावात तारीख टाकायला टक्क्याचं चिन्ह (%) वापरलं की क्रॉन तिथे नवी ओळ समजतो आणि कमांड अर्धीच चालते, हेही त्याच पाचव्या सेक्शनमध्ये दडलंय. टक्क्याआधी बॅकस्लॅश टाका, चालेल.