क्रॅम्प्सच्या पहिल्या अल्बममध्ये बेस कुठाय?

प्रश्न : दादा, वेन्सडे सिरीजमधला तो डान्स बघून मी द क्रॅम्प्स ऐकायला लागलो. त्यांचा पहिला अल्बम साँग्स द लॉर्ड टॉट अस लावला, तर त्यात ते गाणंच नाही आणि बेस तर अजिबात येत नाही. इअरफोन नवी पेठेतनं घेतलेत, तेच खराब आहेत का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : इअरफोन परत करायला जाऊ नको बे, बेस नाहीच आहे त्यात! तेव्हा बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, वाजवणारं कुणीच नव्हतं. पॉयझन आयव्ही आणि ब्रायन ग्रेगरी गिटारवर, निक नॉक्स ड्रमवर, लक्स इंटिरियर गायला, झाला बँड. ग्रेगरीची गिटार फझ (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावून नुसती घरघरत असते, त्यामुळं बेसची जागा रिकामी वाटत नाही आणि वरनं आयव्ही जुन्या रॉकाबिलीसारखं, म्हणजे 1950 च्या दशकातल्या कंट्री-मिश्रित रॉक अँड रोलसारखं, टणटणीत वाजवते. गंमत म्हणजे रॉकाबिलीचा ठेकाच मुळात बेसवर, 1954 ला एल्विसनं मेम्फिसमध्ये पहिली रेकॉर्ड केली तेव्हा ड्रम नव्हतेच, बिल ब्लॅक उभ्या डबल बेसच्या तारा ओढून आपटायचा आणि त्यावर गाणं पळायचं. क्रॅम्प्सनी नेमका तोच काढून टाकला, आणि रेकॉर्डिंगला मात्र गेले मेम्फिसलाच! एल्विसला पहिल्यांदा रेकॉर्ड करणारे सॅम फिलिप्स, त्यांच्याच नंतरच्या मोठ्या स्टुडिओत, 1979 ला. प्रोड्यूसर अ‍ॅलेक्स चिल्टन. अल्बम आला 1980 ला. आवाज ओबडधोबड आहे, मला तर तो तसाच लै आवडतो, घासूनपुसून गुळगुळीत केला असता तर मजाच गेली असती.

तुझं गाणं गू गू मक, ते 1981 च्या दुसऱ्या अल्बमात, सायकेडेलिक जंगलमध्ये आहे.

प्रश्न : मुलगा दार लावून झॉम्बी आणि लांडगा-माणसाची इंग्रजी गाणी ऐकतो. हे सैतानाचं काही आहे का हो? काळजी वाटते.
– एक आई, सात रस्ता

उत्तर : ताई, ही वरच्याच क्रॅम्प्सच्या पहिल्या अल्बमातली गाणी दिसतात, सैतानबितान काही नाही. गड्ड्याच्या जत्रेत पोरं पैसे देऊन भुताच्या खोलीत जातात, किंचाळतात आणि बाहेर येऊन भजी खातात ना, तेवढंच हे भय. गायक लक्स अमेरिकेतल्या ओहायोचा, तिकडं रेडिओवर मॅड डॅडी नावाचा एक निवेदक यमकं जुळवत काहीबाही बडबडायचा, त्याच्यावरसुद्धा या अल्बमात एक गाणं आहे. बाकी सगळं स्वस्तातल्या भुताच्या पिक्चरवरचं प्रेम. तुम्ही स्वतः ऐकणार असाल तर शेवटचं फीव्हर आधी ऐका, लिटल विली जॉननं 1956 ला गायलेलं जुनं गाणं आहे, यांनी आपल्या पद्धतीनं म्हटलंय. सुरुवातीचं टीव्ही सेट तेवढं राहू द्या, त्यात तो पोरीचं मुंडकं कापून टीव्हीत ठेवतो.